तिसऱ्या खणाचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी कपाट आहे. चार खणांचे, राखाडी रंगाचे, डाव्या कुशीला पोचा आलेले. चौकशी होऊन दोषी ठरलेले कपाट तुम्ही आजवर पाहिले नसेल, तर आता डोळे भरून पाहून घ्या. माझ्याविरुद्ध तीन पानांचा अहवाल आहे. त्यावर पाच शहाण्या माणसांच्या सह्या आहेत आणि त्या पाचांपैकी एकानेही माझा खण ओढून पाहिलेला नाही. म्हणून माझी हकिकत मीच सांगतो. वाईट वाटून घेऊ नका, पण मोठ्यांना सांगून काही उपयोग नाही हे कळल्यावरच मी तुमच्याकडे वळलो आहे.

माझा जन्म पत्र्याच्या एका कारखान्यात झाला. एकाने मला कापले, दुसऱ्याने जोडले, तिसऱ्याने रंग फवारला. सगळ्यांत शेवटी कुलपे बसवणारा म्हातारा कारागीर आला. तो फार हळू काम करी आणि कामाबरोबर बोलत राही. शेजारच्या माणसाने त्याला गमतीने विचारले, की एवढे घासतोस कशाला, चोर काय पहारीने पत्राच फाडेल. म्हातारा म्हणाला, "कुलूप चोरासाठी नसतंच मुळी. भल्या माणसाला आठवण राहावी म्हणून असतं, की आतलं दुसऱ्याचं आहे." हे वाक्य मी आजही विसरलो नाही. पुढे ज्यांच्या हाती पडलो त्यांना ते कुणी सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तरी पालथ्या घड्यावर पाणी.

तिथून मी एका मोठ्या इस्पितळात आलो. दुसऱ्या मजल्यावरच्या दुर्मीळ आजारांच्या विभागात, खिडकी आणि तपासणीचा पलंग यांच्या मधल्या जागेत मला उभे केले. दुर्मीळ आजार म्हणजे लाखांत एखाद्याला होणारा आजार. कधीकधी त्याला नावसुद्धा नसते. अशा रोग्याच्या एकट्याच्या कागदावरून डॉक्टरांना फारसे काही उमगत नाही. पण तसाच दुसरा रोगी कुठेतरी असतो, तिसरा आणखी कुठे असतो. त्यांचे कागद शेजारी शेजारी ठेवले, की काय सारखे आहे ते दिसते आणि औषधाची वाट सापडू शकते. एवढी साधी गोष्ट आहे. तुम्हाला एका वाचनात कळली. आमच्या विभागप्रमुखांना अठ्ठावीस वर्षांत कळली नाही.

त्यांना सगळे सर म्हणत. सरांच्या गळ्यात लाल फितीला माझी किल्ली असे. पाहुणे आले, की ते माझ्या अंगावर थाप मारून म्हणत, "हा माझा संग्रह. देशात दुसरीकडे मिळणार नाही." मी तेव्हा तरुण होतो आणि मूर्खही. मला वाटे, आपल्याइतके महत्त्वाचे कपाट जगात नाही. सर मला उघडून कागद कुणाला देत नसत, याचाच मला अभिमान होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. सरांनी ती मूठ झाकून झाकून मोठेपण मिळवले आणि आतल्या माणसांचे काय झाले ते विचारले नाही.

आता एक गुपित सांगतो. माझ्या तिसऱ्या खणाच्या कुलपाची जीभ झिजून गेली होती. डाव्या बाजूला, पोचा आहे तिथे, गुडघ्याने एक धक्का दिला की खण आपोआप पुढे येई. हे झाडूवाल्याला माहीत होते, शिपायाला माहीत होते, नोंदणीच्या बाईंना तर कधीचेच माहीत होते. बाई आपला जेवणाचा डबा त्याच खणात ठेवत, कारण तिथे मुंग्या येत नसत. झाडूवाल्याची विडी-काडी तिथेच असे. हे एकट्या सरांनाच माहीत नव्हते. ते रोज सकाळ-संध्याकाळ किल्ली फिरवून पाहत, आत न डोकावता दोनदा खण ओढून बंद असल्याची खात्री करत आणि निघून जात. त्यांची पाठ वळली, की आम्ही सगळे हसायचो.

नोंदणीच्या बाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्याकडे एक शिक्का होता. रोगी आला, की त्याला चार पानांचे संमतीपत्र देत. बहुतेक लोक, बाई बोट ठेवतील तिथे सही करून मोकळे होत. मग बाई फाइलीच्या वरच्या पुठ्ठ्यावर जांभळ्या शाईचा शिक्का मारत : 'संमती आहे'. कशाला संमती आहे, कशाला नाही, ते चौथ्या पानावर लिहिलेले असे. पण एकदा शिक्का बसला, की चौथे पान पुन्हा कुणी उघडत नसे. सगळा विभाग पुठ्ठ्यावर चाले. एवढे शिकून सवरून लोक वेष्टन वाचून समाधानी राहतात, हे मी तिथेच शिकलो.

अशा विभागात एक दिवस एक शिलाईकाम करणारी आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी पाच वर्षांची. घरचे तिला बटण म्हणत, कारण रांगायला लागल्यापासून ती आईच्या मशीनखाली सांडलेली बटणे गोळा करी. बटणचे हात खांद्यापाशी आखडत चालले होते. वर उचलायला गेली, की अर्ध्यावर थांबत. तीन डॉक्टरांनी तीन नावे सांगितली आणि तिन्ही चुकीची निघाली. चौथ्याने इकडे पाठवले.

संमतीपत्र हातात घेऊन ती बाई माझ्यासमोरच्या बाकावर बसली आणि वाचू लागली. एक तास वाचत होती. नोंदणीच्या बाई दोनदा म्हणाल्या, की ताई, नुसती सही करा, सगळे करतात. तिने ऐकले नाही. कापड कापण्याआधी चार वेळा मापणारी बाई ती, न वाचता सही कशी करील? सहाव्या प्रश्नात विचारले होते, की मुलीची माहिती, नाव वगळून, इतर संशोधकांना द्यावी का. तिने 'हो'वर खूण केली आणि शेजारी स्वतःच्या अक्षरात लिहिले : लवकर द्या. सातव्यात विचारले होते, की मुलीचा फोटो छापावा किंवा दाखवावा का. तिने 'नाही'वर खूण केली आणि लिहिले : कुठेही नाही. मग सही केली. बाईंनी शिक्का मारला आणि फाइल माझ्या तिसऱ्या खणात, डब्याच्या मागे, येऊन बसली.

बटण दर महिन्याला येई. तिचा आजार किती पुढे सरकला ते सर यंत्रावर पाहत. मला ते तिच्या फ्रॉकवर दिसे. आई फ्रॉक स्वतः शिवायची, पुढून उघडणारा, म्हणजे हात वर न करता घालता यावा. पहिल्यांदा त्याला लहान बटणे होती आणि पोरगी ती स्वतः लावायची. मोठ्या ऐटीत, जीभ बाहेर काढून. मग बटणे मोठी झाली, काजे रुंद झाली. मग टिचबटणे आली. पुढे बाह्या खांद्यापर्यंत उघड्या करून त्यांना बंद लावले आणि ते बंद आई बांधू लागली. आईकडे एक मापाची वहीही होती. महिन्याच्या पहिल्या तारखेला ती मुलीला भिंतीशी उभी करायची आणि हात जेवढा वर जाईल तिथपर्यंत, जमिनीपासून बोटांपर्यंत, टेपने मोजून लिहून ठेवायची. एकदा तिने ती वही सरांपुढे धरली. सरांनी दोन बोटांनी पान उलटले आणि म्हणाले, "हे शिवणकामाचं इथं कशाला आणलंत?" तिने वही पिशवीत परत ठेवली. सरांना तेव्हा शरम वाटली नाही, पुढेही कधी वाटल्याचे मी पाहिले नाही.

बटण येऊ लागल्यावर सहा महिन्यांनी परगावच्या एका संशोधक बाईंचे पत्र आले. त्यांच्याकडे अगदी अशीच दोन मुले होती. तिसऱ्याची माहिती मिळाली तर आजाराचे मूळ सापडेल असे त्यांना वाटत होते. तुमच्याकडे कुणी असेल आणि घरच्यांची संमती असेल तर कळवा, अशी साधी विनंती होती. सरांनी पत्र वाचले आणि नोंदणीच्या बाईंना म्हणाले, "आधी आपला पेपर येऊ दे. मग बघू." उत्तर मात्र कसे गेले? 'रुग्णाच्या इच्छेचा आणि गोपनीयतेचा आदर राखून आम्ही माहिती देऊ शकत नाही.' दुसऱ्या वर्षी पुन्हा पत्र, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या वर्षीही तेच. प्रत्येक उत्तराची प्रत बटणच्याच फाइलीत लागली. म्हणजे एकाच पुठ्ठ्याच्या आत आईच्या हाताचे 'लवकर द्या' होते आणि त्याच्यावर, रुग्णाच्या इच्छेचा आदर राखून दिलेले, तीन नकार होते. मला कागदांचे ओझे कधी वाटले नाही, पण ही एक फाइल मला जड होती.

आणि सरांचा पेपर? तो यायचाच होता. दर सहा महिन्यांनी सर त्याचे शीर्षक बदलत.

तिसऱ्या वर्षी इस्पितळाने आपली वार्षिक पुस्तिका काढली. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रे. आमच्या विभागाला एक पान मिळाले. त्या पानावर सरांनी काय द्यावे? बटणचा फोटो. पूर्ण उभा, हात अर्ध्यावर अडकलेले, डोळ्यांवर काळी पट्टी. पुठ्ठ्यावर शिक्का होताच : संमती आहे. जे द्यायला सांगितले होते ते माझ्या पोटात कुजत ठेवले आणि जे झाकायला सांगितले होते ते रंगीत छापले. काळ्या पट्टीवर सरांचा भारी विश्वास. ज्या आजाराची चार मुले देशात सापडायची नाहीत, त्यातल्या एकीचे डोळे झाकले म्हणजे ती लपली, असे त्यांना वाटत होते. मांजर डोळे मिटून दूध पिते, तेवढीच ही अक्कल.

इस्पितळाने ती पुस्तिका शहरातल्या शाळांना फुकट वाटली. बटणच्या शाळेतही दोन प्रती गेल्या. फ्रॉक पाहून पोरांनी तिला एका क्षणात ओळखले, कारण तसला फ्रॉक शहरात एकच होता. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चार जण डोळ्यांवर काळ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवून, हात अर्धे वर धरून तिच्याभोवती फिरले. मित्रांनो, ही पोरे तुमच्याच वयाची होती. मोठ्यांना मी नावे ठेवतो म्हणून तुम्ही सुटलात असे समजू नका. आठवड्याभरात एका गिऱ्हाइकाने आईकडचे कापडही परत नेले, कारण आजार कपड्यातून लागतो की काय अशी त्याला शंका आली.

सोमवारी सकाळी आई पुस्तिका घेऊन आली. बटण माझ्याशेजारच्या खुर्चीवर बसली. सर टेबलापाशी होते, नोंदणीच्या बाई आपल्या जागी. आईचा आवाज चढलेला नव्हता. तिने फक्त विचारले, की हा फोटो कुणाला विचारून छापला. सर म्हणाले, की बाई, डोळ्यांवर पट्टी आहे, कुणाला ओळखू येत नाही. आई म्हणाली, की फ्रॉक ओळखू येतो, तो माझ्या हातचा आहे. मग सरांनी संमतीची गोष्ट काढली. तुम्हीच सही केली आहे, शिक्का आहे.

"मग काढा तो कागद," आई म्हणाली. "चौथं पान दाखवा."

"फाइल गोपनीय असते. अशी दाखवता येत नाही."

"कुणापासून गोपनीय?"

"बाहेरच्या लोकांपासून."

"मी बाहेरची?"

सरांनी गळ्यातली किल्ली मुठीत धरली. खरेच धरली, लहान मूल खाऊ धरते तशी. म्हणाले, की नियम आहे, लेखी अर्ज करा, समितीची बैठक तीन महिन्यांनी आहे, ती ठरवील. आई जागची हलली नाही. बटण आपल्या बोटांकडे पाहत होती.

तेव्हा नोंदणीच्या बाई उठल्या. त्यांनी शाईच्या गादीचे झाकण लावले, माझ्याजवळ आल्या आणि सरांच्या डोळ्यांदेखत माझ्या कुशीत गुडघ्याने धक्का दिला. तिसरा खण पुढे आला. बाईंनी आपला डबा बाजूला केला आणि मागची फाइल काढली. सर एकदा माझ्याकडे आणि एकदा हातातल्या किल्लीकडे पाहत राहिले. माझ्या आयुष्यात मला एवढा आनंद दुसऱ्या कशाने झाला नाही.

बाईंनी चौथे पान उघडून मोठ्याने वाचले. "सहा. माहिती इतर संशोधकांना द्यावी. हो. लवकर द्या. सात. फोटो. नाही. कुठेही नाही." मग त्यांनी त्या तीन उत्तरांच्या प्रती काढून आईच्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "ही मीच टाइप केलीत, ताई. चौथं पान मी कधी उघडलं नाही."

आईने तिन्ही कागद तारखांसकट वाचले. पिशवीतून मापाची वही काढली आणि पहिल्या पत्राच्या तारखेचे पान शोधले.

"हे पत्र गेलं तेव्हा," ती म्हणाली, "ही स्वतःची बटणं स्वतः लावत होती."

सर किल्ली मुठीत धरून खोलीबाहेर गेले. त्यांच्यासारख्या माणसांना बोलायला व्यासपीठ लागते.

त्याच दिवशी आईने फाइलीची प्रत घेतली आणि मापाच्या वहीसह परगावच्या संशोधक बाईंना स्वतः पाठवली. त्या बाईंचे उत्तर आठ दिवसांत आले. त्यांनी लिहिले होते, की फाइलीपेक्षा वहीच जास्त कामाची आहे, कारण असा महिन्या-महिन्याचा हिशोब दुसऱ्या दोन मुलांचा नाही. छापण्याआधी त्यांनी मजकूरही आईकडे पाठवला आणि विचारले, की यातून तुमची मुलगी ओळखू येईल असे काही आहे का. आईने दोन शब्द खोडले. 'शिलाईकाम करणाऱ्या आईने घेतलेली मापे' असे होते, तिथे नुसते 'आईने घेतलेली मापे' ठेवले. बघा, ज्यांना जमवायचे असते त्यांना ते दोन शब्दांत जमते.

वर्षभरात आजाराचे मूळ सापडले. एक भुकटी निघाली, रोज पाण्यातून घ्यायची. ती भुकटी गेलेले परत आणत नाही. आहे तिथे थांबवते, एवढेच. बटणचे हात आता कमरेच्या वर उचलत नाहीत आणि उचलणारही नाहीत. पण मान वळते, घास गिळता येतो, बोटे चालतात. ती भुकटी दोन वर्षे आधी आली असती, तर फ्रॉकची बटणे तिच्या हातात राहिली असती. हे मी शांतपणे सांगतो आहे असे तुम्हाला वाटत असेल, तर तो पत्र्याचा गुण आहे. आत मी अजून जळतो.

इकडे चौकशी झाली. पाच जणांची समिती बसली. निष्कर्ष असा निघाला, की सदर कपाट जुने असून त्याचे कुलूप नादुरुस्त असल्याने गोपनीयतेचा भंग झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. फोटोबद्दल एक ओळ नाही, तीन उत्तरांबद्दल अर्धी ओळ नाही. माझ्या जागी नवे पोलादी कपाट आले. त्याला आकड्यांचे कुलूप आहे आणि आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून ते चिठ्ठीवर लिहून त्याच्याच दारावर चिकटवले आहेत. सर आता 'रुग्णांच्या माहितीचे पावित्र्य' या विषयावर भाषणे देतात. टाळ्या पडतात, असे झाडूवाला सांगत होता.

मला मागच्या व्हरांड्यात नेऊन पाठीवर आडवे टाकले. लोक माझ्यावर बसतात, छत्र्या ठेवतात, चहाचे पेले ठेवतात. मला राग नाही. उभे असताना मी जेवढ्या उपयोगाचा होतो, त्याहून आडवा जास्त आहे.

गेल्या महिन्यात बटण आली होती. आता ती नऊ वर्षांची आहे. गेल्या चार खेपांत तिच्या फ्रॉकचे बंद बदललेले नाहीत, हे मी लगेच पाहून घेतले. भुकटीच्या पुढच्या तपासणीसाठी नवे संमतीपत्र आले होते. आई सही करणार, पण आधी मी वाचणार आणि माझी खूण मी करणार, असे पोरीने ठरवले होते. नोंदणीच्या बाईंनी कागद टेबलावर ठेवला, तर टेबल तिच्या हातांना उंच पडले. खुर्ची आणली, तीही जमली नाही. मग बाई तिला व्हरांड्यात घेऊन आल्या. पाठीवर पडलेला मी तिच्या खाली सोडलेल्या हातांच्या बरोबर उंचीचा आहे. कागद माझ्यावर ठेवला. ती उभी राहून, मान वाकवून वाचत होती. चौथ्या पानाशी आली तेव्हा तिने विचारले, "मावशी, हे नंतर कुणी वाचतं का?"

बाईंनी कागदाची कड नीट धरली. मग म्हणाल्या, "आता मी वाचते. पहिल्या पानापासून. त्याशिवाय शिक्का मारत नाही."

बटणने दोन खुणा केल्या. एक 'हो'ची, एक 'नाही'ची. तिचे हात असे, म्हणून तिला पेन फार दाबावा लागतो. कागदाखाली माझ्या पत्र्यावर त्या दोन्ही खुणांचे ओरखडे उठले आहेत.

मित्रांनो, तुमच्यातले काही जण पुढे डॉक्टर होतील, काही जण शिक्के मारतील, काही जण समितीत बसून माझ्यासारख्यांना दोषी ठरवतील. दुसऱ्याचे तुमच्याकडे ठेवायला दिले जाईल, तेव्हा ते दुसऱ्याचे आहे एवढे ध्यानात ठेवा आणि चौथे पान वाचा. तुमच्याकडून फार आशा आहे असे मी म्हणणार नाही. पण एक मागणे आहे. कधीतरी या व्हरांड्याची साफसफाई निघेल आणि मला रंग द्यायला कुणीतरी येईल. त्याला तेवढे सांगा, की बाकी सगळीकडे रंग लाव, ते दोन ओरखडे मात्र तसेच राहू दे.